रुळांपाशी

सहा बावन्नला येते बस.
सहा चाळीसपासून मी दारात,
हातात जुईचा डावा हातमोजा.
उजवा कुठे गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक.
डब्यात थालीपिठाचे चौकोनी तुकडे,
गोल नेलं की हे काय म्हणून विचारतात म्हणे.

डिसेंबर. कोलंबस, इंडियाना.
रस्त्यापलीकडे मक्याची नुसती खुंटं उरलीत
आणि आठ वाजेपर्यंत जागचा न हलणारा अंधार.

हॉस्पिटलातून हिला घरी आणलं तेव्हा
नर्सनं गाडीतल्या खुर्चीचा पट्टा ओढून दाखवला होता:
खाली एक बोट जावं, दुसरं जाता कामा नये.
सहा वर्षं तेच एक बोट घालून पाहत आले,
वाचनालयात जाताना, दूध आणताना,
अगदी दोन सिग्नल पलीकडे जायचं असलं तरी.
आणि आता ही पिवळी धूड चाळीस फुटांची,
हिच्यात पट्टाच नाही.

शाळेतल्या बैठकीत एका टायवाल्या गृहस्थांनी समजावलं,
सीटच्या पाठी उंच असतात, मऊ असतात,
अंड्यांचा ट्रे असतो ना, तसं समजा.
मी मान डोलावली.
घरी येऊन फ्रिज उघडला.
बारातलं एक तडकलेलं होतं.

बस थांबते. लाल पाटीचा हात बाहेर येतो.
गेल्या महिन्यात एक पिकअप त्या हाताला न जुमानता
सुसाट निघून गेला होता. जुई तेव्हा पायरीवर होती.
त्याचा नंबर टिपायला हवा होता,
मला फक्त त्याच्या मागच्या काचेवरचा
हरणाचा स्टिकर आठवतो.

"गुड मॉर्निंग, जू-ई,"
मिस लोरेटा तिच्या नावाचे दोन तुकडे करते,
पण दोन्ही जपून.
दार मिटतं. काचेवर एक तळहात,
आणि मग काचेवर नुसती वाफ.

यानंतर ती एक ठिपका असते.
निळा. फोनमध्ये.
सव्वासातला पुण्याची मीटिंग, तिकडे संध्याकाळ.
कुणीतरी पंपाच्या गळतीचे आकडे वाचतं,
मी ठिपका वाचते.
आज तो रेल्वे क्रॉसिंगवर थांबला.
एक मिनिट. चार.
मी बोटानं स्क्रीन ओढली, सोडली, पुन्हा ओढली,
जणू बस त्यानंच पुढे सरकणार होती.
सात मिनिटं. अकरा.
"ऐकू येतंय ना?" वैशंपायननं विचारलं.
हो म्हणाले. काहीच ऐकू येत नव्हतं.
काय काय पाहून झालं त्या अकरा मिनिटांत,
ते मी कुणाला सांगणार नाही,
सांगितलं की खरं होतं असं
माझ्यातलं कुणीतरी अजून मानतं.

मग ठिपका हलला.
मालगाडी होती. इतकंच.

रात्री जुई घास तोंडात धरून सांगत होती:
आई, रुळांपाशी मिस लोरेटा बस थांबवते
आणि दार उघडते, रोज, थंडी असली तरी.
बोट ओठांवर ठेवते.
मग सगळे गप्प. टायलरपण.
कशाला गं?
गाडी येतेय का ते ऐकायला.
मला आधी ऐकू येते, ती म्हणाली,
आज मी पहिली होते.

ते बोट मी पाहिलेलं नाही.
माझ्यासारखंच एक बोट,
पण पट्ट्याखाली न घालता
ओठांवर ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्याच रुळांपाशी
मी गाडी थांबवली, काच खाली केली.
गार वारा आत आला, खुंटांचा ओला वास.
मागचा हॉर्न देईपर्यंत
ऐकत राहिले.
फोन पर्समध्येच होता.
नंतर काढलाच म्हणा,
पण तेव्हा होता पर्समध्ये.